डॉनाच्या रेल्वेत ‘ओके’ चालत नाही

२००३ साली मी अमेरिकेला निघाले, तेव्हा माझ्या गाडीला हिरवा झेंडा बाबांनीच दाखवला. हौस म्हणून नव्हे, ड्यूटीच त्यांची होती. मेळघाटातल्या एका लहानशा स्टेशनचे ते मास्तर. बदलीचा माणूस आला नाही, म्हणून मुलीला सोडायला मुंबईपर्यंत जायचं राहूनच गेलं. अकोल्याला जाणारी आमची मीटरगेजची गाडी उभी होती. आई डब्यात डोळे पुसत बसलेली, आणि बाबा खिडकीशी उभे राहून माझी उजळणी घेत होते. “पासपोर्ट कुठं ठेवला? तिकडे उतरल्यावर पहिला फोन कोणाला? ऐकलं ना? मग म्हणून दाखव.” मी वैतागून म्हणून दाखवलं. “बरोबर,” ते म्हणाले आणि त्यांनी झेंडा उघडला. ते रडले असतील, तर मला दिसलं नाही.

‘म्हणून दाखव’ हे आमच्या घराचं वळणच होतं. घाटात रूळ एकेरी. बाबा पुढच्या स्टेशनला फोन लावायचे, तिकडचा मास्तर सांगेल ते शब्द न् शब्द परत म्हणायचे आणि तो “बरोबर” म्हणाला की मगच गाडी सोडायचे. तीच शिस्त आम्हाला दूध आणायला पाठवतानाही. “अर्धा लिटर, गाईचं, आणि किटली विसरू नको” एवढं म्हणून दाखवल्याशिवाय क्वार्टरचा उंबरा ओलांडता येत नसे. अमेरिकेला जाण्यात मला जी अनेक सुखं दिसत होती, त्यात हेही एक होतं की आता या कटकटीतून सुटका.

अमेरिकेत हर्नडनला आल्यावर मी सगळ्यात आधी ‘ओके’ म्हणायला शिकले. तुमच्यापैकी जे आयटीत इथे आले त्यांना हे सांगायला नको. क्लाएंट कॉलवर भरभर बोलतो, अर्धं डोक्यावरून जातं, आणि आपण म्हणतो, “ओके, शुअर, नो प्रॉब्लेम.” मग कॉल म्यूट करून शेजारच्याला विचारायचं, “काय म्हणाला यार तो?” रविवारी सकाळी घरच्या फोनवर माझं तेच चालायचं. आई तिकडचं सांगत असायची आणि मी फोन मानेत धरून भांडी घासत “हो हो” करत असायचे.

तीन वर्षांनी माझ्या कंपनीने मला डोंगरातल्या एका छोट्या रेल्वे कंपनीच्या कामावर घातलं. दर सोमवारी गाडी काढायची, तास न् तास ड्राइव्ह करत डोंगरात शिरायचं आणि गुरुवारी परतायचं. माझी रूममेट वैशाली हसायची. “स्टेशनमास्तरची पोरगी अमेरिकेत येऊनही स्टेशनावरच गेली!” पण मला खरंच उत्सुकता होती. या रेल्वेत प्रवासी एकही नाही, फक्त वरच्या खोऱ्यांतलं लाकूड आणि दगड खाली आणायचा. एकेरी रूळ, आणि पूर्ण मार्गावर सिग्नल एकही नाही. मग दोन गाड्या समोरासमोर येत कशा नाहीत?

याचं उत्तर पायथ्याच्या जुन्या इमारतीतल्या एका खोलीत बसलं होतं. तिचं नाव डॉना. वय साठीच्या आसपास, समोर रेडिओ, हातात पेन्सिल. ड्रायव्हर रेडिओवर परवानगी मागे. डॉना सांगे, कुठून कुठपर्यंत जा आणि तिथे थांब. ड्रायव्हर ते कागदावर लिहून घेई आणि अक्षरशः परत वाचून दाखवी. तो एकेक शब्द वाचत असताना डॉना आपल्या कागदावर त्या शब्दाखाली रेघ ओढत जाई. शेवटच्या शब्दाखाली रेघ आली की म्हणे, “बरोबर,” आणि वेळ सांगे. तोवर गाडी जागची हलत नसे.

मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. चढावर गाडीला मागूनही इंजिन लावतात हे मला घरून माहीत होतं, पण उताराचं नवं होतं. माथ्यावर थांबून ब्रेक तपासल्याशिवाय खाली उतरायचं नाही, आणि उतरताना मध्येच थांबून चाकं निवू द्यायची. चाकं घसरू लागली तर इंजिनातून रुळांवर वाळू सोडायची. पाऊस पडून गेला की आधी रुळांवर चालणारी पिकअप पाठवायची, दरड आली आहे का बघायला. एकदा त्या पिकअपमध्ये मीही बसले. स्टिअरिंगला हात न लावता माणूस दरीच्या कडेने वळणं घेत होता. त्यानेच मला रेडिओ कुठे लागतो ते दाखवलं. डोंगर आडवे आले की आवाज पोचत नाही. म्हणून बोलायच्या जागा ठरलेल्या, एक चर्चच्या मागे, एक पुलावर. तिथे थांबून बोलायचं, नाहीतर मैलोगणती मुकाट जायचं.

माझं काम होतं हे सगळं संगणकावर आणणं. मी ऐटीत स्लाइड बनवली. ड्रायव्हरच्या पडद्यावर थेट संदेश, खाली ‘ओके’चं बटण, परत वाचून दाखवायचा वेळ वाचला! डॉनाने स्लाइड शांतपणे पाहिली आणि मला शेजारी बसवून घेतलं. तिसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरने वाचून दाखवताना थांबायच्या जागेचं नाव चुकवलं. पुढची जागा वाचली. तिची पेन्सिल थांबली. ती चिडली नाही, तोही ओशाळला नाही. दोघांनी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “याने ओके दाबलं असतं, पोरी. ओके म्हणजे माझा आवाज पोचला. काय पोचलं ते मला त्यात कळत नाही.” मी स्लाइड बंद केली. बाबांच्या शिस्तीला कटकट म्हणणारी मी, तीच शिस्त मोडून काढायला निघाले होते.

त्याच आठवड्यातला रविवार. आधीचे तीन रविवार आई “बाबा बाहेर गेलेत” म्हणत होती आणि मी “हो हो” म्हणत होते. बाबा तोवर रिटायर होऊन अकोटला राहायला गेले होते. त्या दिवशी ते फोनवर आले. आवाज बारीक. “थोडा खोकला आहे. डॉक्टरला दाखवलं. तू तुझं काम कर.”

मी फोन मानेतून काढून हातात घेतला. “बाबा, मी ऐकलं ते म्हणून दाखवते. तुम्हाला फक्त खोकला आहे. डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलेलं नाही. मी यायची गरज नाही. बरोबर?”

त्यांच्या ‘बरोबर’ची वाट बघत मी नळ बंद केला. 

“बरोबर नाही,” बाबा म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. छातीत दुखत होतं, नागपूरला तपासण्या झाल्या होत्या, शुक्रवारी बायपास ठरली होती. “तुझ्या व्हिसाची भानगड आहे म्हणून नाही सांगितलं,” म्हणाले. भानगड खरीच होती. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. इथे राहायला अडचण नव्हती, पण अमेरिकेबाहेर गेले की परत यायला मुंबईत नवा शिक्का घ्यायचा, तो कधी मिळेल याची खात्री नाही. “अगं, वेडी आहेस का?” वैशाली म्हणाली. “तिकडे अडकलीस तर ग्रीन कार्डचं काय? सिस्टिम सुरू व्हायला, गो-लाइव्हला, दोनच आठवडे उरलेत!” तिचं काहीच चुकत नव्हतं. मी तिकीट काढलं. डॉनाच्या कागद-पेन्सिलीला हात लावू नका, पडद्यावर फक्त गाड्या कुठे आहेत ते दाखवा, असं लिहून रिपोर्ट पाठवला आणि निघाले.

बुधवारी संध्याकाळी मी नागपूरच्या हॉस्पिटलमध्ये पोचले. बाबा एवढेसे झाले होते. मी त्यांचा हात धरून रडले, अगदी मोकळेपणी. त्यांनी रडू दिलं आणि मग विचारलं, “तिकडच्या रेल्वेला सिग्नल नाही म्हणते, तर चालवतात कशी?” मी सांगत गेले. वाळू, पिकअप, पेन्सिलीची रेघ. “रेडिओ लागत नाही तिथं गाडी बंद पडली तर?” असं त्यांनी विचारलं. ते मी डॉनाला विचारलंच नव्हतं. “विचारून ये,” म्हणाले. ऑपरेशन नीट झालं. व्हिसाच्या शिक्क्यासाठी मी दोन महिन्यांहून जास्त अडकले, गो-लाइव्ह दुसऱ्यांनी केलं, आणि परत आल्यावर मला दुसऱ्याच कामावर घातलं.

आता २००८ उजाडलंय. इथे अ‍ॅशबर्नला माझं घर आहे, अंगणात बर्फ आहे, आणि अकोटला बाबा रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालून येतात. खरं घर कोणतं, असं लोक विचारतात.  तेव्हा मी त्या रविवारचा विचार करते. बाबांना एकच शब्द बोलायचा होता, आणि तो खोटा बोलणं त्यांना जमलं नाही. ते “बरोबर” म्हणाले असते, तर मी विश्वास ठेवला असता आणि सोमवारी सकाळी कामाला गेले असते.