विहीर झाकणारी आत्याबाई

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात बाबांचं उजवं अंग गेलं. मोहगावच्या रस्त्यावरचा आमचा संत्र्याचा बगीचा त्यांच्या एकट्याच्या हातावर होता. आई त्यांना भरवायची आणि पदराआड रडायची. मी सौंसरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बोरगावचं स्थळ आलेलं होतं. बाबा अडखळत म्हणाले, "बहार फुटला तर परीक्षा दे. नाही फुटला तर लग्न." त्यांचा दोष नव्हता. घरात दुसरा आधारच नव्हता.

अशात तिगावहून शेवंताआत्या आली. बाबांची थोरली बहीण, विधवा, काटकुळी, डोक्यावर गाठोडं. पाणीसुद्धा न पिता ती बगीच्यात गेली आणि विहिरीवरच्या पंपावर पोतं टाकून त्यावर दगड ठेवून आली. "आजपासून झाडायले पाणी नाही," म्हणाली.

आमच्याकडे याला ताण देणं म्हणतात. थंडीत महिना-दीड महिना झाडाला पाणी तोडायचं. पानं मिटतात, गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. मग पाणी सोडलं की फूल येतं. पाणी लवकर दिलं तर नुसती पालवी फुटते, उशीर झाला तर झाड जातं. नेमका दिवस बाबांना कळायचा. आत्याबाईला कळेल का, याची आम्हाला धास्ती.

तिला अक्षर येत नव्हतं, पण दर हिवाळ्यात ती एक भजन रचायची. "झाड उपाशी असलं का मले सुचते," असं म्हणायची. त्या वर्षी काही सुचेना. रोज सकाळी पान मुठीत चुरायची, वास घ्यायची, टाकून द्यायची. मी विचारलं, "आत्याबाई, भेव नाही वाटत?"

"वाटते ना वं. पण भेव वाटते म्हणून पाणी सोडाचं काय?"

मला ते पटलं नाही. जानेवारी लागला तशी झाडं इतकी सुकली की मला जेवण जाईना. एका पहाटे, ती भजनी मंडळींकडे गेलेली असताना, मी पोतं काढलं आणि विहिरीजवळच्या आठ झाडांना पाणी दिलं. शिकलेल्या पोरीनं केलेला अडाणीपणा.

ओली माती तिला लगेच दिसली. मी मान खाली घातली.

"कॉलेजात हेच शिकून राहिली काय? झाडायले चहा पाजून आली!"

"मरून राहिली होती ती, आत्याबाई."

"मरून नाही राहिली. थांबून राहिली." ती बांधावर बसली. मग म्हणाली, "वही आण. लिही."

बोटं गारठलेली, पेन धरवेना. ती सांगत गेली:

"पान मिटून बसलं, देवा, माती फाटून गेली,
तुह्या भरवशावर आम्ही विहीर झाकून ठेवली."

फूल कुठेच नव्हतं. येईल याची खूणही नव्हती. तिनं चार कडवी त्या सुकल्या झाडांकडे पाहत पुरी केली. देव आहे की नाही यावर मी आजही वाद घालते. पण त्या सकाळी वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.

आणखी अकरा दिवस तिनं थांबवलं. त्या अकरा दिवसांत आई तिच्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी आत्याबाईनं पान चुरलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "सोड."

पंधरा-वीस दिवसांनी खाटेसकट बाबांना बगीच्यात नेलं. सगळा बगीचा पांढरा झाला होता. वासानं डोकं जड व्हायचं. फक्त विहिरीजवळची आठ झाडं हिरवीगार, फुलाविना. बाबांनी डाव्या हातानं तिकडे बोट केलं. आत्याबाई पटकन म्हणाली, "ती तुह्या पोरीची लाडकी आहे, बाप्पा. तिले काही म्हणाचं नाही."

बोरगावला नकार कळवायला तीच एस.टी.नं गेली. तिथे काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढे चार हिवाळे ती आमच्याकडे राहिली आणि पाचव्याच्या सुरुवातीला, दोन दिवसांच्या तापानं गेली.

मी त्या बहाराच्या वर्षीच, एप्रिलमध्ये, परीक्षेला बसले. सेकंड क्लासमध्ये बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली.