काचेमागचा पेशंट

असले अनुभव वाचताना मी आजवर हसतच आले... आणि आज स्वतःच लिहायला बसलेय! मी मूळची वाईची, सांगलीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

आमच्याकडे मेडिकल, नर्सिंग आणि फार्मसीच्या मुलांचं एकत्र सिम्युलेशन, म्हणजे खोट्या पेशंटवरचा सराव असतो. बेडवर रबरी पुतळा, आणि काचेमागच्या बंद खोलीतून सर माईकवर पेशंट बनून बोलतात, ते पुतळ्यातल्या स्पीकरमधून ऐकू येतं. सर म्हसवडचे, त्यामुळे आमचा पुतळाही अस्सल माणदेशी. एकाने औषध सांगितलं की दुसऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, मगच द्यायचं, हा नियम. डॉक्टर होणारा अनिकेत सोडून सगळे तो पाळायचे.

त्या दुपारी केस दम्याची होती. बोलताही न येणारा पेशंट. पण मधेच पुतळा कण्हला, "छातीत लय कळ येतीया... डावा हात जड झालाय..."

"सरांनी केस बदलली," अनिकेत कुजबुजला. आम्ही लागलो कामाला. फार्मसीच्या इरफानने ॲस्पिरिन काढली, मी ऑक्सिजन लावला. अनिकेतने चक्क माझं ऐकून परत म्हटलं! मी मनातल्या मनात खूश.

तेवढ्यात पुतळा म्हणाला, "आरं, मला काय करताय? काचंमागं बघा की!"

काचेत सर दिसेनात. आम्ही धावलो. सर टेबलाखाली पडलेले, घामाने चिंब. मग तेच सगळं खऱ्या माणसावर... मला रडू फुटत होतं, सर हातातून जातात की काय असं वाटत होतं. तरी तिघंही मोठ्याने सांगत, परत म्हणत राहिलो. कार्डियाकची टीम येईपर्यंत सरांचा श्वास चालू होता. सर वाचले.

माईक मात्र बंद होता — त्याची पिन काढून सरांनी तिथे मोबाईल चार्जिंगला लावलेला!

वॉर्डात भेटायला गेले तेव्हा विचारलं, "सर, हाक कशी मारलीत?"

"हाक? पोरी, माझी जीबच उचलंना. पर तू ऑक्सिजन लावलास, तवा लय बरं वाटलं बघ. मला नव्हं... त्या पुतळ्याला लावलास तवा."

टेबलाखालून बेड दिसत नाही. मी स्वतः तिथे आडवी पडून पाहिलंय. इरफान म्हणतो, स्पीकर बिघडला असेल. अनिकेत विषयच टाळतो. मला तर काहीच कळेनासं झालंय...

सर परत शिकवायला लागलेत. पुतळा कण्हला की आम्ही तिघंही आधी काचेकडे बघतो, आणि सर आतून हात हलवतात.