दसऱ्याला उजळलेलं मोजणीचं यंत्र

माझे मामा मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्या सुमारास कचेरीतली जुनी यंत्रं भंगारात निघाली होती. त्यातलं एक पितळी थिओडोलाइट त्यांनी रीतसर लिलावात घेतलं. दुर्बिणीतून नेम धरून जमिनीचे कोन मोजणारं हे यंत्र पुढे नाशिकरोडच्या त्यांच्या घरी सागवानी पेटीत राहिलं. पेटीला हात लावायची कोणालाही मुभा नव्हती, मामींनासुद्धा.

मामांना मूलबाळ नाही. “माझ्यामागं हे पुन्हा भंगारात जायला नको,” एवढंच ते म्हणत. म्हणून यंदा मी पुण्याच्या एका संग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. तपकिरी पडलेलं पितळ, त्यावर मूळ लाखेचा शाबूत थर, चांदीच्या पट्टीवर अंशांच्या ठळक रेघा. त्याला तेच हवं होतं. एकदा डोळ्यांनी बघतो आणि घेऊन जातो, म्हणाला. तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला.

दर खंडेनवमीला यंत्राची पूजा मामाच करत, पण हल्ली त्यांचे हात थरथरतात. त्यामुळे यंदा ते दवाखान्यात गेलेले असताना मामींनीच यंत्र पेटीतून काढलं, चिंच आणि राखेने घासलं, झेंडूची माळ घालून देवापुढे ठेवलं. संध्याकाळी मामांनी ते पाहिलं आणि “छान” म्हणाले.

संग्राहकाने खिशातून भिंग काढलं. “काकू, घासलंत?”

“मग! देवापुढं काळंकुट्ट ठेवू? समईसारखं झालंय की नाही?”

“समईहून लखलखीत.” मामी चहा करायला आत गेल्यावर तो मामांना हळूच म्हणाला, “काका, लाखेचा थर गेला. चांदीच्या पट्टीवरच्या रेघाही गेल्या. नाही नेता येणार मला.”

चहा घेऊन तो गेला. मामींनी आतून सगळं ऐकलं होतं.

“जपायचं असतं, हे सांगायचं तरी होतंत.”

“तू कधी विचारलंस?”

“पेटीजवळ गेलं तरी खेकसायचात. विचारणार कधी?”

थोड्या वेळाने मामांनी मला यंत्र गच्चीवर न्यायला लावलं. आम्ही ते कठड्यावर ठेवलं. मामींनी पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावला.

“अहो, शेजारची टाकी उलटी दिसतेय!”

“जुन्या दुर्बिणीत उलटंच दिसतं.”

“आणि मोजायचं कसं?”

मामा खाली वाकले. चकचकीत पट्टीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

“इथं रेघा होत्या,” ते म्हणाले.