मामांसाठी लावलेली छत्री

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडे तीच रीत. माझा नवरा कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात आहे आणि मी शिरूरला एका ऑफिसात, म्हणून आम्ही शिरूरला राहतो. आत्या आणि मामा मात्र भांडगावच्या मळ्यात. थोडा ऊस, थोडा भाजीपाला, बांधाकडेला झेंडू.

गेल्या वर्षी मामांची नजर गेली. काचबिंदू होता, कळायला उशीर झाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा घरी आले आणि ओसरीवरच्या खाटेवर बसले ते बसलेच. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली होती. माळावरून त्यांनी हाक मारली की पलीकडच्या वस्तीवरची माणसं बाहेर यायची, असं आत्या कौतुकानं सांगायच्या. आता तेच मामा "जेवलात का?" विचारलं तरी नुसतं "हं" म्हणत. संध्याकाळी हायवेवरच्या टपरीवर चहाला जायचे, तेही बंद झालं. कुणी हात धरून न्यायला आलं तरी "नगं" म्हणून परत पाठवायचे.

एका सुट्टीला आम्ही गेलो असताना चहा देता देता आत्या म्हणाल्या, "मला घरात टीव्ही पायजे."

खाटेवरून मामा म्हणाले, "मला काय दिसतंय त्यात?"

"दिसत न्हाई, पर ऐकू तर येतंय न्हवं? दिसभर ह्या घरात माझा एकटीचा आवाज. आता मलाबी त्याचा कटाळा आलाय."

मामा नको म्हणाले नाहीत.

आमचा जुना टीव्ही होताच, तो नेऊन दिला. मळ्यात केबल येत नाही, म्हणून फ्री डिश घ्यायची ठरली. एकदा छत्री लावली की पुढे महिन्याच्या महिन्याला काही भरावं लागत नाही. यवतच्या दुकानदारानं छत्री, बॉक्स आणि वायर दिली आणि लावायला माणूस पाठवतो म्हणाला. तो माणूस काही आला नाही. फोन केला की "उद्या येतो".

पुढच्या रविवारी नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून मी एकटीच न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून मळ्यात गेले. बघते तर आत्यांनी अंगणात गोणपाट अंथरून सगळं सामान त्यावर मांडलं होतं. स्क्रूसुद्धा वाटीत काढून ठेवले होते.

"वाट बघून कटाळले," त्या म्हणाल्या. "परातीएवढी तर हाय. आपुनच लावू."

मला धीर होईना. मग मी मोबाइलवर छत्री कशी लावायची याचा व्हिडिओ शोधला. आत्यांनी तो दोनदा बघितला, मध्येच थांबवून बोल्ट नीट पाहिले आणि पदर खोचला. गोठ्याच्या कोपऱ्यात त्यांनी पाइप रोवला, त्यावर छत्री कसली. तोंड आग्नेयेला, म्हणजे सोलापूरच्या अंगाला, आणि वर आभाळाकडे. मी आत टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसले. पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या होत्या. स्ट्रेंथची भरलेली, क्वालिटीची रिकामी. ही दुसरी पट्टी भरली की चित्र येणार, एवढं आम्हाला कळलं होतं.

आत्या बाहेरून छत्री केसभर फिरवायच्या आणि विचारायच्या, "आलं का?" मी आतून "नाही" म्हणायची. शेजारच्या रानात ट्रॅक्टर चालू होता, एकीचं दुसरीला ऐकू जाईना. मी आत-बाहेर पळून दमले, तशी ओसरीवरून मामांचा आवाज आला.

"पळू नगं पोरी. तू मला सांग, मी तिला सांगतो."

आणि त्यांनी जी हाक दिली! "न्हाई आलं! आनखी उगवतीला घे! थांब! जरा म्हागं!" ट्रॅक्टरवाल्यानंही मान वळवून पाहिलं. माझं लग्न झाल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. आत्या छत्रीला हात लावून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग पुन्हा कामाला लागल्या.

दुपार व्हायला आली तरी क्वालिटीची पट्टी रिकामीच. मी बाहेर येऊन म्हटलं, "राहू द्या आत्या, माणूस येईल तेव्हा येईल." त्यांनी छत्री पुन्हा केसभर फिरवली.

मामांनी विचारलं, "पाइप कुठं रवलाय?"

"गोठ्याच्या कोपऱ्यात," मी म्हटलं.

"आन् तोंड सोलापूरकडं? अगं, मंग मधी लिंब येतोय की."

आत्यांनी मान वर केली. कडुलिंबाच्या फांद्या छत्रीच्या अगदी समोर आडव्या आल्या होत्या. आत्या सकाळपासून त्याच सावलीत उभ्या होत्या आणि मीही तिथं दहादा येऊन गेले होते. आत्यांना हसू फुटलं. "बघा! तुमाला दिसला आन् आमाला न्हाई!"

मामाही हसले.

आत्यांनी बसवलेलं सगळं परत सोडवलं. मी म्हटलं, फांदी तोडली तर? "लिंब त्येंनी लावलाय," एवढंच म्हणाल्या आणि छत्री उचलून हौदापलीकडच्या मोकळ्या जागेत निघाल्या. वायर जेमतेम पुरली. पुन्हा पाइप, पुन्हा बोल्ट, पुन्हा मी आत आणि मामा मध्ये. या वेळी छत्री थोडी फिरली आणि रिकामी पट्टी एकदम भरली. आधी आवाज आला, कुणीतरी कांद्याच्या पिकाबद्दल बोलत होतं, मग चित्र. मी सांगायच्या आत मामा खाटेवरून उठून ओरडले, "आलं! हात काढ! हलवू नगं आता!"

आत्यांनी त्याच दिवशी पाइपाच्या बुडाला दगड आणि सिमेंट भरलं. वाऱ्यानं छत्री हलली नाही, ती अजून तिथंच आहे. पुढे वस्तीवरच्या दोन घरांच्या छत्र्याही आत्यांनीच बसवल्या, आणि मामा पुन्हा टपरीवर जायला लागले. बातम्या ऐकलेल्या असतात, वाद घालायला काहीतरी लागतंच.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्यानंतरची एक संध्याकाळ. मी गेले तेव्हा दोघं कुस्ती लावून बसली होती. आत्यांना डावांची नावं माहीत नाहीत, त्या दिसेल तसं सांगत होत्या.

"लालवाल्यानं काळ्याचा पाय धरलाय."

"एक का दोन?"

"एकच."

"मंग एकेरी पट काढंल बघ. काळ्याचा हात कुठंय?"

"लालच्या मानंवर. दाबतोय."

मामा पुढे सरकून बसले होते, मुठी आवळलेल्या. मी दारात उभी होते, पण दोघांनाही पत्ता नव्हता. टीव्हीवर एकदम गलका झाला. आत्या तोंडावर हात ठेवून नुसत्या बघत राहिल्या आणि सांगायचंच विसरल्या.

"अगं, काय झालं? बोल की!" मामा खाटेवर हात आपटत म्हणाले.