पुसलेला फोटो

रूपाली मखमलाबादच्या मळ्यातली. माहेरी भाजी आणि शेवंती. लग्नाआधी गंगापूर रोडच्या क्लासात ती वेबसाइट बनवायला शिकली, तेव्हा आई सुमनबाईला वाटलं, पोरगी टायपिंग शिकतेय. पुढे नवरा जीवन सातपूरला कंपनीत लागला आणि रूपालीनं घरातल्या एका खोलीत कॉम्प्युटर मांडला. नाशिकच्या एका दैनिकाची वेबसाइट तिनं उभी केली. पेपर छापून झाला की त्यातल्या बातम्या आणि फोटो सकाळी ती साइटवर चढवायची. ते काम पाहून एका सरकारी कार्यालयानंही बोलावलं. तिथले साहेब तिची ओळख ‘आमच्या कन्सल्टंट मॅडम’ अशी करून द्यायचे. ते ऐकताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

दोन हजार दोन सालची गोष्ट. यात्रेत सोनसाखळी चोरणारी एक बाई पकडली गेली. ती बातमी आली त्याच दिवशी पेपरात फुलबाजारावर लेखही होता. दोन्ही फोटो एकत्र आले आणि घाईत रूपालीकडून अदलाबदल झाली. साइटवर चोरीच्या बातमीखाली फुलबाजाराच्या लेखातला यशोदाबाईचा हसरा चेहरा झळकला. यशोदाबाई फुलबाजारात सुमनबाईच्या शेजारी बसायची. रूपालीला तिनं कडेवर खेळवलेलं.

दोन दिवसांनी रूपालीला चूक दिसली. तिनं झटकन फोटो बदलला आणि सुटकेचा श्वास टाकला. छापलेल्या पेपरात फोटो बरोबरच होते. इंटरनेटवर नाशिकच्या बातम्या वाचतंय कोण? ती कुणाला काही बोलली नाही.

महिनाभरानं ती माहेरी गेली, तर आई चुलीपुढे बसलेली.

“यशोदाच्या पोरीचं, दिशाचं, ठरलेलं लग्न मोडलं,” सुमनबाई म्हणाली. “पुण्याचं स्थळ. पोरानं हापिसात कॉम्प्युटरवर यशोदाचा फोटो पाहिला म्हणे, चोरटी म्हणून. कागदावर काढून बापाला दाखवला.”

रूपालीनं हातातला पेला खाली ठेवला.

“यशोदानं जुना पेपर शोधून नेला. त्यात तसं काहीच नाय. पोराकडचे म्हणाले, मग आमच्या पोरानं पाहिलं ते काय? कॉम्प्युटर उघडून बघितलं, तर तिथंही नाय. आता बाजारातल्या बाया म्हणत्यात, यशोदानंच वशिला लावून फोटो काढून टाकायला लावला. विस्तवाबिगर धूर निघतो व्हय?”

तिनं चूक पुसली होती, आणि चुकीबरोबर, ती चूकच होती याचा यशोदाबाईचा पुरावाही पुसला होता.

ती संपादकांकडे गेली. ते म्हणाले, “अहो, आपण छापलंच नाही, त्याची माफी कशी छापायची? आणि तुमचं सरकारी काम चालू आहे ना? मग कशाला बोभाटा?” त्या एका वाक्यावर ती पंधरवडाभर गप्प राहिली. बाजारावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं फिरली. शेवटी तिनं जीवनला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “जेवत नाहीस, झोपत नाहीस. जाऊन सांग एकदा.”

यशोदाबाई हार ओवत होती. रूपालीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. सुई थांबली.

“तू घातलास तो फोटू?”

“चुकून, मावशी.”

“चुकून घातलास ते कळलं मला. पर काढलास तवा का नाय आलीस? तवा सांगितलं असतंस, तर माझी पोर अशी घरात कोंडून बसली नसती.”

यशोदाबाईनं हार बाजूला ठेवला. “चल पुण्याला. हे त्यांच्या तोंडावर सांग.”

रूपाली गेली. परक्या बैठकीत, पाच माणसांसमोर तिनं आपली चूक सांगितली. मुलाच्या वडिलांनी ऐकून घेतलं, यशोदाबाईला हात जोडले. मग म्हणाले, “पण मुलाचं आता दुसरीकडे ठरलंय.”

परत येताना बसमध्ये यशोदाबाई खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या सकाळी रूपालीनं दैनिकाच्या साइटवर, पहिल्याच पानावर, स्वतःच्या नावानं चूक जाहीर केली. संध्याकाळी संपादकांचा फोन आला आणि ते काम गेलं. त्या मजकुराची प्रत सुमनबाईनं फुलबाजारात गाळ्यागाळ्यावर दाखवली. बायांची तोंडं बंद झाली. पुढच्या वर्षी दिशा दिंडोरीला दिली. रूपालीला पत्रिका आली. तिनं आहेर आईच्या हाती पाठवला, स्वतः गेली नाही.

सरकारी काम राहिलं, वाढलंही. काही वर्षांनी ती कार्यालयांतल्या कारकुनांना वेबसाइट सांभाळायला शिकवू लागली. एका वर्गात तिनं बजावलं, “चूक सापडली की नुसती पुसू नका. काय चुकलं होतं ते तिथंच लिहा.”

मागून एका बाईंनी सहज विचारलं, “मॅडम, तुमच्याकडून कधी चुकलंय का असं?”

“चुकलंय,” रूपाली म्हणाली. वर्ग पुढचं ऐकायला थांबला. यशोदाबाईचं नाव तिच्या ओठांवर आलं. पण तिनं पडद्याकडे तोंड फिरवलं आणि पुढचं पान उघडायला सांगितलं.