माळवदावरून ऐकलेली कुस्ती

माझ्या माहेरी, परंड्याकडं, जत्रेतल्या कुस्त्या बायकांनी बघायच्या नसत. तसं कुणी तोंडानं सांगत नसे, पण एखादी फडाकडं गेलीच तर पुढची जत्रा येईपर्यंत तिच्या नावानं गावात दळण चालायचं. म्हणून त्या दिवशी आम्ही सगळ्या बायापोरी घराच्या छपरावर, माळवदावर चढून बसायचो. तिथून फड दिसत नसे, मधे शाळा आणि चिंचेची झाडं. ऐकू मात्र सगळं यायचं. हलगी, शिट्ट्या आणि कर्ण्यातून निवेदकाचा खर्जातला आवाज. ‘बघा मंडळी बघा, काय डाव टाकलाय! धोबीपछाड! बघा!’

त्या ‘बघा’चा मला असा राग यायचा म्हणून सांगू! अरे बाबा, काय बघा? आम्हाला इथून चिंचा दिसतात.

तरी मी ऐकून ऐकून सगळे डाव पाठ केले. ढाक, घिस्सा, एकलांगी, पट, मोळी, धोबीपछाड. एकही डोळ्यांनी बघितला नव्हता. त्यामुळं मोळी म्हटलं की एक पहिलवान दुसऱ्याला सुतळीनं आवळून बांधतोय असं मला दिसायचं, आणि धोबीपछाडीला तर मी मनातल्या मैदानात धुण्याचा एक दगडही ठेवला होता. तेव्हाच मनात पक्कं झालं, की एक दिवस हा माइक आपण हातात घ्यायचा आणि माळवदावर बसलेल्या बाईला कुस्ती दिसेल अशी सांगायची. पोरींना मास्तरीण व्हायचं असायचं, नर्स व्हायचं असायचं. मला कुस्त्यांचा निवेदक व्हायचं होतं. हे आईला सांगितलं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

लग्न होऊन बेंबळीच्या बाजूला आले. सासरी पिठाची गिरणी होती, ती माझ्या गळ्यात पडली. गिरणीवर बोलायचं म्हणजे ओरडायचंच. माझा मुळातला खणखणीत आवाज तिथं असा तयार झाला की मी आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, जेवायला हाक मारली की शेजारच्या वस्तीवरची माणसं हात धुवायची. इथंही जत्रेला माळवदच. फड ओढ्याच्या खोलगटात भरायचा, वरून नुसती धूळ दिसायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आयुष्यभर ती धूळ बघत आल्या होत्या. ‘बायामाणसाला काय कळतंय त्यातलं,’ असं म्हणायच्या आणि कान मात्र कर्ण्याकडं लावून बसायच्या.

तीन वर्षांखाली जत्रेच्या तोंडावर आमच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष दळण घेऊन आला. नात्यानं दीर लागतो. गिरणी चालू होती, त्यामुळं मी जे विचारलं ते ओरडूनच विचारलं, आणि दारात बसलेल्या दहाजणींनी ऐकलं.

‘भाऊजी, औंदा कुस्त्यांचं मी बोलू का?’

तो आधी हसला. मग मी हसत नाही हे बघून म्हणाला, ‘वहिनी, डाव तरी ठावं हायेत का तुमाला?’

मी गिरणी बंद केली आणि एका दमात सगळे डाव म्हणून दाखवले. माणूस गार पडला. डोकं खाजवून म्हणाला, ‘कळंबचा निवेदक दुपारून येतोय. तवर सुरुवातीच्या कुस्त्या तुमी बोला. पण वहिनी, घोटाळा झाला ना, तर परत कुण्या बाईचं नाव आमच्याम्होरं काढायचं न्हाय. सांगून ठिवतो.’

मी ऐटीत मान हलवली. तो पीठ घेऊन गेला आणि मग माझ्या ध्यानात आलं. मला डावांची नावं येत होती. डाव येत नव्हते. समोर ढाक पडली तर ती ढाक आहे हे मला कोण सांगणार? आणि मी तोंडावर पडले, तर माझं काय एवढं नाही, पण पुढं एखाद्या पोरीनं माइक मागितला की माझंच उदाहरण देऊन तिला हाकलतील.

गावात एक म्हातारे वस्ताद होते. गेले तिथं. म्हटलं, डाव सांगा.

‘पोरी, डाव सांगून कळत न्हाईत, पाडल्याबिगर कळत न्हाईत,’ वस्ताद म्हणाले. ‘कुणाला पाडू?’

मी मालकांना घेऊन आले.

आमचे मालक तसे भले माणूस. बायकोच्या हौसेपायी कोण कुठवर जातं ते मी ऐकून आहे, पण हे सोयाबीनच्या भुसकटावर जाऊन पडले. रोज सकाळी आमच्या खळ्यात ढीग पसरायचा, वस्ताद धोतर खोचायचे आणि मालक ‘अहो, सावकाश’ म्हणेपर्यंत पालथे झालेले असायचे. ‘हे बघ, मान इथं दाबली. पाय इथं घातला. आता हा जातोय कुठं?’ मालक खालून म्हणायचे, ‘कुठंच न्हाय, सोडा.’ मोळी बघितली तेव्हा मी पोट धरून हसले. सुतळीबितळी काही नाही. मान आणि पाय एका कवेत घेऊन माणसाचं गाठोडं करायचं. आत्याबाई दारातून ओरडायच्या, ‘कंबरडं मोडंल माझ्या पोराचं! काय करायलीस गं ही? पोथी वाच की एखादी!’ मालकांनी मात्र एकदाही नको म्हटलं नाही. अंगाला तेल लावून घेताना एवढंच म्हणाले, ‘एकलांगी परत एकदा बघून घे, तुझी गडबड होतीय त्यात.’ ह्या माणसावर माझा जीव का आहे, ते त्या दिवशी मला नव्यानं कळलं.

जत्रेच्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन मी ओढ्याकडं उतरले. फडात बाई म्हणून मी एकटीच. माणसं बाजूला सरकली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू म्हैस पंगतीत येऊन बसली. माइक हातात आला, हलगी थांबली. पहिली जोडी भिडली. माझ्या डोक्यात सगळी नावं एकदम गर्दी करून आली, बाहेर एकही पडेना.

मागून कुणीतरी ओरडलं, ‘वहिनी, दळण टाकलंय का चक्कीत?’

सगळा फड हसला. आणि मला राग आला. राग आला की माझं गाडं सुरळीत चालतं, हे घरच्यांना माहीत आहे. मी म्हटलं, ‘टाकलंय, भाऊ, बारीक निघंपर्यंत बसा!’ आणि नावं सगळी सोडून दिली. जे समोर होतं ते बोलायला लागले. निळा लंगोट खाली वाकला. त्यानं लाल लंगोटवाल्याच्या दोन्ही मांड्यांना मिठी घातली. लाल मागं पाय टाकतोय, कंबर उचलतोय, अंग वरून सोडतोय. निळ्याचं डोकं आता लालच्या पोटाखाली. एकदा बोलायला लागले आणि मग नावंही आपोआप आली. पट काढलाय! ढाकेवर घेतलाय!

एक घोटाळा केलाच. एका कुस्तीत मी ‘चितपट!’ म्हणून किंचाळले आणि पंचानं हात हलवून नाही म्हटलं. फड परत हसला. मी तिथंच म्हणाले, ‘चुकलं मंडळी. एक खांदा अजून वर हाय. म्यां घाई केली, पहिलवानानं न्हाय केली.’ त्यावर टाळी पडली. चूक कबूल करणारा निवेदक त्यांनी कधी ऐकला नसावा.

कळंबचे निवेदक आले तेव्हा माझ्या हातात माइक होता. मी द्यायला उठले. त्यांनी बसा म्हणून खुणावलं, चहा मागवला आणि मांडी घालून ऐकत बसले. नावाजलेला माणूस, डोक्याला फेटा. शेवटच्या मानाच्या कुस्तीला त्यांनी पाहुण्यांची आणि पहिलवानांची नावं घेतली, वस्तादांचे मान सांगितले. आणि सलामी झाल्यावर माइक माझ्याकडं सरकवून म्हणाले, ‘ताई, मी नुसतं बघा बघा म्हणतो. तुम्ही दाखवताय. चालू द्या.’

ती कुस्ती मी बोलले नाही, माझ्या अंगातून गेली. दोघं तोडीस तोड, कितीतरी वेळ कुणी कुणाला धरू देईना. मग लालनं चपळाईनं मागं जाऊन निळ्याला गुडघ्यावर आणलं. ‘डावा हात कमरेला, घट्ट. डावा पाय निळ्याच्या घोट्यात अडकवलाय. निळा हातावर रेटून उठतोय, उठतोय, लाल उठू देत न्हाय, पिळतोय त्याला, पिळतोय...’ आणि सगळा फड उभा राहिला आणि मीही उभी राहून ओरडले, ‘पडला! दोन्ही खांदे मातीला! पडला!’ पुढं काय बोलले ते मला आठवत नाही. हलगी वाजत होती, निवेदकांचा फेटा कुणीतरी माझ्या डोक्यावर ठेवला होता आणि मालक गर्दीत कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होते, की हा डाव आपण स्वतः खाल्लेला आहे. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. खोटं कशाला बोलू?

घरी आले तर गळा पार बसलेला. अध्यक्ष काय म्हणाला, निवेदक काय म्हणाले, हे आत्याबाईंना सांगायचं होतं, पण घशातून नुसती हवा यायला लागली. आणि आत्याबाई तर माळवदावरून उतरून दारात रागानं लाल होऊन उभ्या. मागं गल्लीतल्या चार-पाच बाया. मला वाटलं, झालं आता.

‘त्येचा उजवा हात कुठं हुता?’ आत्याबाई म्हणाल्या.

मला कळेना.

‘डावा हात कमरंला म्हणलीस. पाय घोट्यात म्हणलीस. उजव्या हाताचं सांगितलंच न्हाईस, आन् एकदम पडला म्हणून वरडलीस. आमी तितं जीव मुठीत धरून बसलोत, हात कुठं गेला म्हणून. पडला ते कळलं गं, पर कसा पडला?’ मागच्या बायांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाली, तिला वाटलं मानेवर असंल. दुसरी म्हणाली, छे, मांडीखाली.

माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. सांगायला आवाजच नव्हता. म्हणून मी आत्याबाईंच्या मागं गेले, डावा हात त्यांच्या कमरेला घातला, उजवा त्यांच्या काखेतून वर काढला आणि तळवा मानेवर टेकवला. अगदी हलकेच वाकवलं. सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई न रागावता वाकल्या, जरा वेळ तशाच राहिल्या आणि मग स्वतःचा हात मागं नेऊन माझा तळवा त्यांनी चाचपून बघितला.

‘असं व्हय,’ त्या म्हणाल्या. ‘मग सांगायचंस की गं.’