तिसरी शिट्टी

भास्करकाकांना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. पुण्याहून नोकरीसाठी इंग्लंडात आले तेव्हा साउथहॅम्प्टनच्या कोच स्टेशनवर दोन बॅगा घेऊन भांबावून उभी होते, आणि अगदी कानाशी पीटीच्या मास्तरांसारखी कर्कश शिट्टी वाजली. आख्खं स्टेशन वळून बघायला लागलं. "जोश्यांची मुलगी ना? उचल बॅगा, पहिली झाली!" वडिलांचे हे कॉलेजमित्र, रिटायर्ड डॉक्टर, गळ्यात लाल दोरीला स्टीलची शिट्टी अडकवून मला न्यायला आले होते.

तिथल्या मराठी मंडळींच्या सहली काका काढत. आपली माणसं फोटो काढत, चहा पीत रेंगाळणार, म्हणून ही शिट्टी. "कुकर तीन शिट्ट्यांत उतरतो आणि माझी गाडी तीन शिट्ट्यांत सुटते," असं ते प्रत्येक सहलीत ऐकवायचे. तिसऱ्या शिट्टीनंतर जो उरेल त्याला सोडून ते खरोखर गाडी पुढे न्यायचे, कोपऱ्यावर थांबायचे, आणि तो धापा टाकत आला की सगळ्यांबरोबर पोट धरून हसायचे.

माणूस वाईट नव्हता. म्हणजे, होताच, पण मला खोली त्यांनी शोधून दिली, पहिल्या थंडीत मी तापाने फणफणले तेव्हा रोज मऊ भाताचा डबा घेऊन तेच आले. मला ते फार आवडायचे, हे कबूल करायला हवं. डबा मंदाकाकूंनी भरलेला असायचा, हे माझ्या डोक्यात पुष्कळ उशिरा शिरलं.

काकू म्हणजे काकांच्या विनोदांचं हक्काचं गिऱ्हाईक. पाहुणे जमले की सुरू. "आमच्या मंदाला देवाने गुडघे दिलेत ते फक्त शोभेला!" लोक खदाखदा हसायचे. काकूंचा चेहरा उतरला की लगेच, "अगं, गंमत केली!" हे वाक्य आलं की पुढे काही बोलायची सोयच नसायची. काकू पोळ्या वाढत राहायच्या.

मी लग्न करून मँचेस्टरला गेले. नंतरच्या एका उन्हाळ्यात काका नवीकोरी मोठी गाडी घेऊन आमच्या दारात हजर. "चला, स्कॉटलंडचं वरचं टोक बघून येऊ!" मी, माझा नवरा मिलिंद, काका आणि काकू, असे निघालो.

वर उत्तरेला समुद्राकाठचा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे. समोरून कुणी आलं तर मध्येमध्ये बाजू देण्यापुरती जागा केलेली असते, तिथे थांबायचं. एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला दगडी बांध, आणि घर म्हणाल तर नजर पोचेल तिथवर नाही. त्या दिवशी सकाळी एका गावात संडासाची पाटी दिसली तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "अहो, जरा थांबता का?"

"आत्ताच जाऊन आलीस ना? मंदा, तू बाई आहेस की गळका नळ?" काका म्हणाले, आणि गाव मागे पडलं.

दुपारी एका किनाऱ्याशी थांबलो. पांढरी वाळू, वाळूच्या टेकाडांवर उंच गवत, वर मेंढ्या. बाकी काही नाही. काकूंना आता धीर धरवेना. कोट, पर्स, फोन सगळं गाडीत टाकून त्या टिश्यू घेऊन निघाल्या. "मी येऊ सोबत?" मी विचारलं. "नको गं, लाज वाटते," असं म्हणून त्या गुडघा धरत टेकाडामागे गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्या न झाल्या तोच काकांनी शिट्टी काढली. पहिली. दुसरी. "काका, काय हे!" मी ओरडले. "शिस्त म्हणजे शिस्त." तिसरी वाजली आणि टेकाडावर काकूंचं डोकं दिसलं. एक हात वर केलेला, दुसऱ्या हाताने पँट सावरलेली. काकांनी आरशात पाहिलं आणि गाडी सोडली.

"थांबवा काका!" मिलिंद म्हणाला.

"वळणापर्यंतच रे. तोंड तर बघू दे तिचं!"

वळणापलीकडे मोटरहोमची, त्या चाकांवरच्या घरांची, रांग समोर उभी. आम्हाला बाजू देऊन ते हात करत होते, पुढे व्हा. मागे एक कॅम्परव्हॅन येऊन चिकटली. त्या रस्त्यावर ती धुडासारखी गाडी वळवायची कुठे? पुढचं गाव येईपर्यंत वळायला जागा मिळाली नाही. मी रडत होते, शिव्याही दिल्या असतील. काका आधी हसत होते, मग शीळ घालत होते, मग गप्प झाले. परततानाही तेच, दर थोड्या वेळाने कुणीतरी समोर.

आधी गाडी जिथे उभी होती नेमक्या त्याच जागी काकू उभ्या होत्या. वारा पडला होता आणि तिकडची ती चावरी चिलटं, मिज म्हणतात त्यांना, घोंगावत होती. काकूंचा चेहरा फुगला होता, पापण्या उघडत नव्हत्या. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. अर्धवट उठून त्या गाडीमागे धावल्या होत्या. मी उतरून त्यांना मिठी मारली. त्या रडल्या नाहीत. "एखादी पिशवी आहे का गं?" त्यांनी विचारलं, "खाली घालायला."

"दोन घाल. नवी गाडी आहे," काका पुढून म्हणाले. कुणीच हसलं नाही, तेव्हा म्हणाले, "अगं, गंमत केली!"

संध्याकाळी मी काकूंच्या तोंडाला मलम लावत होते. त्या म्हणाल्या, "तिसरी मी ऐकली होती गं. पण मला वाटलं, मी दिसलेय ना आता, थांबतील."

गणपतीत काकांनी हा किस्सा साभिनय सांगितला. ओली पँट, सुजलेलं तोंड, सगळं. लोक हसून हसून लोळले. काकू मोदक वाढत होत्या, त्याही हसल्या. मी ताट तिथेच ठेवून उठले.

हिवाळ्यात काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढा बोलका माणूस, ऐकून मला भडभडून आलं. वसंतात आम्ही भेटायला गेलो. काका खिडकीशी एका भल्यामोठ्या खुर्चीत बसले होते, तोंड एका बाजूला ओघळलेलं. गळ्यात तीच लाल दोरी, तीच शिट्टी. "काही लागलं तर वाजवतात," काकू म्हणाल्या. "कळायला नको का?" त्यांनी केस छान कापले होते. तब्येत सुधारली होती. काकांना त्या स्वच्छ ठेवत होत्या, वेळेवर भरवत होत्या, कुणी बोट ठेवू नये असं सगळं.

आम्ही स्वयंपाकघरात चहाला बसलो. बाहेरच्या खोलीतून शिट्टी वाजली, बारीकशी.

"बाथरूमला जायचंय त्यांना," काकू म्हणाल्या आणि आलं किसत राहिल्या.

दुसरी वाजली. निम्मी हवा तोंडाच्या कोपऱ्यातून निसटत होती. मिलिंद उठला. काकूंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बस रे. तिसरी होऊ दे."

आम्ही ऐकत राहिलो. फुस्स, फुस्स, असा नुसता श्वास येत होता. दारातून मला काका दिसत होते. डोळे आमच्याकडे, डावा हात शिट्टी ओठांवर दाबत होता. मला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी मनात कुठेतरी, देवा, बरं वाटलं. मग त्यांचा हात खाली आला आणि त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

काकूंनी चहा गाळला, माझ्या पुढ्यात कप ठेवला.

"खाली प्लॅस्टिक घातलंय मी," त्या म्हणाल्या. "नवी खुर्ची आहे."